धाकटीला कुणी लागत नाही

२ मार्च

ताई,

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू बोलतेस आणि मी हं हं करते. शेवटी तू विचारतेस, आहेस ना? मी असतेच, पण सांगायचं ते राहून जातं.

तुला हसू येईल, पण सध्या मी स्वतःचाच अभ्यास करते आहे. हॉस्पिटलनं आम्हा सगळ्यांना, म्हणजे नर्स, एक्स-रेवाले आणि प्लास्टरच्या खोलीतून मी, दर बुधवारी मानसशास्त्राच्या व्याख्यानाला बसवलं आहे. शिकवणाऱ्या बाई बुटक्या, आवाज खणखणीत, आणि बोलता बोलता खडू मोडायची सवय. पहिल्या बुधवारी अंतर्मुख आणि बहिर्मुख झाले. प्रश्नावली भरली, तर मी अर्धी इकडे, अर्धी तिकडे. दुसऱ्या बुधवारी कितवं मूल कसं निघतं ते सांगितलं. शेंडेफळ म्हणे लाडावलेलं आणि नखरेल असतं. मी हात वर करून म्हटलं की मी शेंडेफळ आहे आणि कुणी माझ्याकडे बघितलं तरी मला घाम फुटतो. बाई म्हणाल्या, अपवाद असतात. वर्ग हसला, मीही हसले.

तिसऱ्या बुधवारी मात्र माझं हसू पळालं. बाईंनी एक प्रयोग सांगितला. लहान मुलाला खोलीत ठेवून आई बाहेर जाते आणि थोड्या वेळानं परत येते. ती जाताना मूल रडतं की नाही, याला फार महत्त्व नाही. ती परत आल्यावर ते काय करतं ते बघायचं. काही मुलं धावत येऊन बिलगतात. काही रडून गोंधळ घालतात, आईला मारतातसुद्धा. आणि काही वळूनही बघत नाहीत, खेळत बसतात. बघणाऱ्याला वाटतं, किती गुणी पोर. बाई म्हणाल्या, या पोरानं मागणं सोडून दिलेलं असतं, आणि मोठेपणीही ते कुणाला जवळ येऊ देत नाही.

ताई, मला तिथे बसल्या बसल्या आत्याचा आवाज ऐकू आला. आई दवाखान्यात होती तेव्हा धाकटी माझ्याकडे होती, एकदा म्हणून रडली नाही, आई न्यायला आली तर मान वर केली नाही, आपली बटणांशी खेळत बसली, धाकटीला कुणी लागत नाही. चार माणसं जमली की ही गोष्ट व्हायची. सगळे हसायचे आणि मी ताठ बसायचे, जसं काही बक्षीस मिळालंय. इतकी वर्षं मी ते कौतुक समजत होते.

तुझी
धाकटी

११ मार्च

धाकटे,

तुझं पत्र तुझ्या भावजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, हिला आधी सुट्टी घ्यायला सांग. मी म्हटलं, सुट्टीत ती आणखी विचार करेल.

तुझ्या त्या खडूमोड्या बाईंना एकदा आमच्या पडद्यांच्या दुकानात पाठव. प्रश्नावली लागणार नाही. खिडकीचं माप घ्यायला मी लोकांच्या घरात जाते, तेव्हाच माणूस कळतो. जाड कापड आणि वर अस्तर मागणाऱ्या बाईला शेजाऱ्यांची भीती असते आणि तिला स्वतःला शेजाऱ्यांकडे बघायचं असतं. नवरा-बायको वेगवेगळे रंग दाखवतात तेव्हा मी हळूच बाहेर येऊन फोन आल्याचं सोंग करते. पण म्हणून मी कुणाला सांगत नाही, की तुम्ही अमुक जातीचे, आता जन्मभर तसेच राहणार.

आत्याची गोष्ट म्हणशील, तर खरं सांगू? मला तुझा हेवा वाटायचा. मला सगळे लागतात. पडदे बसवून आले की दुसऱ्या दिवशी फोन करून विचारते, चुण्या नीट पडतायत ना? गिऱ्हाईक वैतागतं. आत्याचं ते जुनं घर अजून माझ्या डोळ्यांसमोर येतं, हिरवा कठडा आणि खाली सायकलचं दुकान. तुला आठवतं का?

तुझी चिमणी कशी आहे? तिची उंची दोऱ्यानं मोजून दोरा पाठव. फ्रॉक शिवायचाय.

ताई

२० मार्च

ताई,

दोरा सोबत आहे. मोजताना ती अजिबात हलली नाही. दुसरं एखादं मूल वळवळलं असतं.

तू विचारलंस ते घर मला आठवत नाही. कठडा नाही, सायकली नाहीत, काहीच नाही. बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या की लहानपणीचं बहुतेकांना आठवत नाही. पण माझं मला कळलं. मी ते पुसून टाकलंय.

आता चिमणीचं सांगते. सकाळी तिला पाळणाघरात सोडते तेव्हा बाकीची पोरं आयांच्या पायाला मिठ्या मारून भोकाड पसरतात. ही आत जाते, दाराशी चपलांचा ढीग असतो त्याच्यापाशी बसते आणि जोड्या लावायला लागते. सगळ्यांच्या. संध्याकाळी मी न्यायला जाते तेव्हाही तेच. मी दारातून हाक मारते, ती बघत नाही. पाळणाघरवाली म्हणते, नशीबवान आहात, पोरीचा काही त्रास नाही. माझी बटणं होती, हिच्या चपला आहेत. आता आलं लक्षात?

तिचा बाबा घर सोडून गेला तेव्हा म्हणाला होता, तुझ्याबरोबर राहणं म्हणजे बंद दुकानासमोर उभं राहणं. तेव्हा संताप आला होता. आता वाटतं, बिचाऱ्यानं व्याख्यान न ऐकताच ओळखलं.

कामावरही तेच. हाड जुळवताना मूल किंचाळतं, त्याची आई रडते, डॉक्टरांच्या कपाळावर घाम येतो, आणि माझा हात जराही हलत नाही. प्लास्टर कापायची करवत घरघरायला लागली की पोरं घाबरतात. मग मी चालू करवत स्वतःच्या तळहातावर टेकवून दाखवते. ती फक्त कडक असेल तेच कापते, मऊ कातडीला नुसती झिणझिणी येते. याची मला गंमत वाटायची. परवा ती टेकवली आणि मनात आलं, वरची कातडी मऊ आहे म्हणून वाचले. आत लागली असती तर दोन तुकडे झाले असते.

मी बाईंना जिन्यात गाठून विचारलं, मुलाचं हे किती वर्षांपर्यंत घडतं? त्या म्हणाल्या, पहिली वर्षं महत्त्वाची असतात, पण... त्या पुढेही पुष्कळ बोलल्या. मी ऐकलं नाही. ओलं प्लास्टर हाताशी असतं तेवढ्यातच आकार द्यावा लागतो, नंतर ते कुणाचं ऐकत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. चिमणी चार वर्षांची होईल.

म्हणून विचारते. चिमणीला तू घे. सुट्टीपुरती नाही, कायमची. तुला सगळे लागतात असं तूच लिहिलंस. तिला तसं कुणीतरी हवं. माझ्याजवळ राहिली तर ती माझ्यासारखी होईल, आणि तसं जगणं काय असतं ते मला माहीत आहे. नाही म्हणू नकोस.

तुझी
धाकटी

२७ मार्च

धाकटे,

पत्र वाचून आधी मी खूप चिडले. पोर म्हणजे काय कापडाचा तागा आहे, इकडून उचलून तिकडे द्यायला? तीन पानं तुला झापणारी लिहिली आणि फाडली.

मग भावजी म्हणाले, ती अशी सहज मागणाऱ्यातली नाही, मागतेय म्हणजे बुडतेय. ते खरं आहे. तू आजवर माझ्याकडे साधी साडीसुद्धा मागितली नाहीस.

तेव्हा आण तिला. मागची खोली रिकामीच आहे. ती कशासाठी ठेवली होती ते तुला ठाऊक आहे आणि मला त्याबद्दल लिहायचं नाही. तिथल्या खिडकीला मी पिवळं कापड काढलंय, त्यावर छोटे पक्षी आहेत. सकाळचं ऊन त्यातून आलं की भिंतीवर पक्ष्यांच्या सावल्या पडतात. मी आजच लावून बघितलं.

तिला दूध गरम लागतं की कोमट? झोपताना दिवा लागतो का? सगळं लिही.

ताई

८ एप्रिल

ताई,

कोमट. दिवा लागत नाही. कुशीवर झोपते, तोंड भिंतीकडे. दुसऱ्या कुणाचं उष्टं चालत नाही, माझं चालतं. हे शेवटचं लिहिताना मी थांबले, पण त्याला अर्थ नाही. सवय असते ती.

मे महिन्याच्या नऊ तारखेला शनिवार आहे, तेव्हा घेऊन येते. पाळणाघरात सांगितलं. पाळणाघरवाली माझ्याकडे बघतच राहिली.

एक काम कर. तू आत्याच्या जवळ राहतेस. तिला जाऊन विचार, मी तिच्याकडे नेमकी किती दिवस होते आणि केवढी होते. आई-बाबा असते तर त्यांना विचारलं असतं, आणि दादाला असलं काही आठवत नाही. मला माझ्या हातून काय सुटलं ते एकदा नीट कळू दे. डॉक्टर कसे एक्स-रे दिव्यासमोर धरतात, इथे मोडलंय म्हणून बोट ठेवतात, तसं मला बोट ठेवायचंय. मग मी गप्प बसेन.

मला झोप लागत नाही. पुस्तकं आणते, सगळ्यांत मी सापडते. एका पुस्तकात मी भित्री निघाले, दुसऱ्यात दुसऱ्यांवर आपले दोष लादणारी, तिसऱ्यात मुखवटा घालून वावरणारी. प्रत्येक पान वाचून म्हणते, हो, हीच मी. इतक्या जणी मी आहे, तर चिमणीची आई त्यांतली कोणती?

तुझी
धाकटी

२२ एप्रिल

धाकटे,

आत्याची तब्येत बरी नाही. तिला फार बोलवत नाही, म्हणून विचारलं नाही. जुन्या गोष्टी उकरून काय मिळणार? तू त्याचा विचार सोड.

पडदे शिवून झाले. पलंगही आला. नऊ तारखेची वाट बघते.

ताई

३० एप्रिल

ताई,

तुझं पत्र एवढंसं का? दमली असशील. आत्याला बरं वाटलं की कळव.

चिमणीला काल सांगितलं, की तू मावशीकडे राहायला जाणार. तिनं विचारलं, तिथे चपला आहेत का? मी म्हटलं, आहेत, मावशीच्या, काकांच्या आणि दुकानात येणाऱ्या लोकांच्या. ती म्हणाली, खूप आहेत? मग तिनं हातातला ठोकळा खाली ठेवला. रडली नाही. मी वाट बघत होते. ती रडली असती तर मी तिला कुठेही पाठवली नसती, इतकी मी तिच्या रडण्याची वाट बघत होते. हे कसलं आईपण, पोरीनं रडावं म्हणून तिच्यासमोर बसून राहायचं?

तिची बॅग भरली आहे. दाराजवळच ठेवली होती, पण येता-जाता दिसते म्हणून पलंगाखाली सारली. आता वाकलं की दिसते.

माझा निर्णय पक्का आहे. तू फक्त दार उघड.

तुझी
धाकटी

४ मे

धाकटे,

फोन तीनदा हातात घेतला आणि ठेवला. हे कुरिअरनं पाठवते आहे, म्हणजे शनिवारच्या आत तुला मिळेल.

आत्या आजारी नाही. ठणठणीत आहे. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात मी तिच्याकडे गेले होते. चिमणी माझ्याकडे येणार हे ऐकून ती खूश झाली. म्हणाली, "पोर रडली नाही तरी घाबरू नकोस. तू तरी कुठे रडलीस?"

मी म्हटलं, आत्या, ती धाकटी होती. तर ती माझ्याकडे बघून हसायला लागली.

"अगं, तेव्हा तूच धाकटी होतीस. ही तर अजून पोटात होती."

दादाची शाळा होती म्हणून तो बाबांजवळ राहिला आणि मला आत्याकडे ठेवलं. आईला दिवस जाऊन त्रास सुरू झाला म्हणून दवाखान्यात पडून राहावं लागलं होतं. त्रास तुझ्यामुळेच होता. मग तू लवकर झालीस, मूठभर, म्हणून तुम्हा दोघींना आणखी ठेवून घेतलं. ऊब मिळावी म्हणून नर्स तुला आईच्या अंगाशी फडक्यानं बांधून ठेवायची. आत्या बघायला आली होती, तर सोडलं की तू निळी पडायचीस, बांधलं की गुलाबी. तुला कुणी लागत नव्हतं म्हणे! तू आईच्या अंगावरून सुटायला तयार नव्हतीस. घरी आलीस आणि तू धाकटी झालीस. माझं नाव तुला गेलं, आणि नावाबरोबर माझी गोष्टही गेली. आत्या सगळीकडे धाकटी म्हणतच ती सांगत राहिली. तिला ठाऊक होतं ती कुणाबद्दल बोलते, आपण दोघींनी कधी विचारलं नाही. ते हिरव्या कठड्याचं घर तुला आठवेल कसं? तू चालायला लागायच्या आधीच आत्यानं ते सोडलं होतं. आणि ती गोष्ट घडली तेव्हा मी कुठे होते, हा साधा प्रश्न मला या वयापर्यंत पडला नाही.

अजून एक आहे. ते लिहायला माझा हात उचलत नाहीये. मी आत्याला विचारलं, मी खरंच रडले नाही का? ती म्हणाली, रडायला वेळ कुठे होता तुला. आई कधी येणार, आई कधी येणार, असा मी तिचा जीव खाल्ला होता. शेवटी तिनं बटणांचा डबा माझ्यापुढे ओतला आणि सांगितलं, "रंगाप्रमाणे लाव. सगळी लागली की आई आलीच." मी झोपले की ती सगळी पुन्हा एकत्र करून ठेवायची. दुसरं काय करणार ती तरी. आई खरोखर आली तेव्हा थोडी राहिली होती. म्हणून मी मान वर केली नाही, धाकटे. मी घाई करत होते. राहिली तर आई परत जाईल असं मला वाटलं असणार. आणि सगळे हसले.

हे मला कळून बरेच दिवस झाले, आणि तरी मी तुला त्या दोन ओळी लिहिल्या. मला चिमणी हवी होती. अजून हवी आहे. तुझ्या बाईंच्या हिशोबानं मला कुणी लागायला नको, आणि मी रोज सकाळी त्या रिकाम्या खोलीत जाऊन भिंतीवरचे पक्षी बघते. भावजींना मी काही सांगितलं नाही. ते पलंगाचे स्क्रू पुन्हा पुन्हा आवळतात.

चिमणीला आणू नकोस. आणलीस तर मी तिला परत देईन असं समजू नकोस. माझ्यावर एवढा विश्वास टाकू नकोस.

ताई

८ मे

ताई,

तुझं पाकीट काल दुपारी प्लास्टरच्या खोलीत मिळालं. एक हात भिजवून ठेवलेल्या बँडेजमध्ये होता, दुसऱ्यानं वाचलं. तुझा इतका राग आला की बँडेज बादलीतच कडक झालं. मी पलंगाखाली वाकून ती बॅग बघत होते, आणि तुला सगळं ठाऊक होतं.

संध्याकाळी पाळणाघरात गेले. चिमणी चपलांपाशी होती. मी रोज दारातून हाक मारते, काल मारली नाही. चपला काढून आत गेले आणि तिच्याजवळ फरशीवर बसले. विचारलं, काय करतेस?

ती म्हणाली, "थांब ना. थोड्याच राहिल्यात."

तिचा आवाज रडवेला होता, ताई. दारातून तो ऐकू येत नाही. आणि मग मला आठवलं. पहिल्या दिवशी ती माझा पाय सोडत नव्हती. मला कामावर उशीर होत होता. मी तिला सोडवलं, त्या ढिगाशी बसवलं आणि म्हटलं, ह्या सगळ्या नीट लाव बरं, तोवर मी येतेच. मी बोलले आणि विसरले. दिवसभर पोरं जातात, येतात, जोड्या मोडतात, आणि ही पुन्हा लावते. मला आत्याला नावं ठेवायला तोंड नाही.

मी म्हटलं, राहिल्या तरी मी आलेय. बघ, मी आलेय. तिला पटलं नाही. म्हणून आम्ही दोघींनी राहिलेल्या लावल्या. शेवटी माझीच जोडी उरली. ती लावून झाल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मग जे रडली, लाथा मारल्या, मला चावली. पाळणाघरवाली धावत आली. मी तिला हातानंच थांबवलं. माझे हात थरथरत होते, मला ते दिसत होते.

मी कोण, ते अजून मला कळलेलं नाही. भीती गेलेली नाही. आत्याची गोष्ट माझी नव्हती, पण ती अंगावर घालून मी एवढं आयुष्य काढलं, आता ती उतरवायची कशी ते कोण शिकवणार? बाईंना पुढच्या बुधवारी विचारीन, आणि या वेळी 'पण'च्या पुढचंही ऐकेन.

हे रात्रीच्या बसवाल्याजवळ देते, म्हणजे आमच्या आधी सकाळी तुला मिळेल. उद्या आम्ही येतो आहोत. दोघी येतो आणि दोघीच परत जाऊ, हे आत्ताच सांगून ठेवते. तुझ्यावरचा राग सोबत आणते, तो टपालानं पाठवण्यासारखा नाही. पडदे काढू नकोस. चिमणीला पक्षी बघायचेत, आणि सुट्टी लागली की बघायचेत, दर सुट्टीत.

आणि ताई, तू उद्या दुकानातच असशील, मला ठाऊक आहे. आम्ही दारात आलो की हातातलं तसंच टाक आणि ये. राहिलेलं राहू दे.

तुझी
धाकटी